पाणवठा क्रमांक अकरा

दुपारी चारला आम्हाला मचाणावर चढवून
वनखात्याची जीप निघून गेली.
सकाळी सातपर्यंत खाली उतरायचं नाही.
मी, चैत्या बरफ, दोन बाटल्या पाणी, चपातीभाजी
आणि रकान्यांची वही :
प्राणी. नर, मादी, पिल्लू. वेळ. कुठून आला, कुठे गेला.

वैशाखातल्या पुनवेला शेजारी बरफ आडनावाचा माणूस,
यावर मी हसले. तोही हसला.
हा विनोद त्याला दरवर्षी कुणीतरी ऐकवत असणार.

बोरिवलीच्या या डोंगराला
उन्हाळ्यात वाळवंट म्हटलं तरी चालेल.
काळा कातळ दिवसभर तापतो आणि रात्री दहापर्यंत
भाकऱ्या संपल्यावरच्या तव्यासारखा धग सोडत राहतो.
गवत पिवळंसुद्धा नाही, पांढरं.
मोईला पान नाही.
कांडोळ तर अंगावरचं सगळं टाकून
हाडासारखा उभा.
मध्ये सिमेंटची बशी, टँकरनं भरलेली.
तिच्यात आधी विमान उतरलं,
बऱ्याच वेळानं चंद्र.

सहा वीस. मोर, एक.
सात पाच. रानडुकरं, पाच.
चैत्या म्हणाला, सहा. एक अजून करवंदीत आहे.
वाट पाहिली.
सहा.

एरवी मी मुलुंडच्या लॅबमध्ये
काचेखाली लोकांच्या पेशी मोजते.
तिथे मोजलं जाणारं कुणी मान वर करत नाही.
इथे चितळाची मादी पिता पिता थांबली
आणि तिनं थेट मचाणाकडे पाहिलं.
मला माझाच रिपोर्ट हातात आल्यासारखं झालं.

कड्यापलीकडे शहराचा नारिंगी उजेड,
कुणाच्यातरी हळदीचा डीजे.
तो थांबला तेव्हा कळलं,
रातवा केव्हापासून बोलतोय,
दगडावर दगड आपटत गेल्यासारखा.

बिबट्या आला तो आधी दिसलाच नाही.
आधी रातवा गप्प झाला.
मग डास चावायचे थांबले, किंवा मला कळायचे थांबले.
मग कांडोळाच्या सावलीचा एक तुकडा
सुटून चालू लागला.
प्यायला. लप, लप,
घरच्या मांजरीसारखाच, फक्त सावकाश.
एक चाळीस. नर.
माझं पेन फळीवर पडलं.
त्यानं कान वळवला, मान नाही.
आमची दखल तेवढीच.
पिऊन झाल्यावर तो उतारावर जाऊन बसला,
गेला नाही.

तीन दहा.
पायवाटेवरून दोन टाळ्या आल्या.
मागोमाग एक हंडा, हंड्याखाली बाई, काखेत कळशी.
चैत्या खोकला.
खालून ती खोकली.
तिनं वाडग्यानं हंडा भरला, मग कळशी,
घाई नाही, पण थेंबही सांडला नाही.
उतारावर तो बसूनच.
मला ओरडायचं होतं.
चैत्यानं माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली,
नाडी बघतात तशी.
ती गेली. मग तो उठला
आणि दुसऱ्या बाजूनं उतरला.

"तो बसलाय हे तिला माहीत होतं?"
"त्यालापण माहीत होतं."
थोड्या वेळानं म्हणाला,
"मुलगी माझी. पाड्यात नळ आलाय.
पाणी यायचं आहे."

बॅटरीच्या लाल उजेडात माझं पेन
'मादी'च्या रकान्यावर जाऊन थांबलं.
"लिहू नका," तो म्हणाला,
"पुढच्या वर्षी कुंपण घालतील."

सकाळी साहेबांनी बेरीज केली. एकतीस.
"ही ओळ मोकळी कशी?"
"डोळा लागला होता," मी म्हणाले.
चैत्या पाठमोरा, दोरी गुंडाळत होता.
जरा जास्तच नीट गुंडाळत होता.

बारा वाजता लॅबमध्ये
काचेवर डोळा नेण्याआधी मी खोकले.
शेजारची फ्लोरी म्हणाली,
काय गं, फ्रिजचं पाणी प्यायलीस का?